पौषातला रिकामा घाट

पौषात बैलगाड्यांचा घाट अगदी रिकामा असतो. घाट म्हणजे डोंगरातला वळणावळणाचा रस्ता नव्हे. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे गावाबाहेर चढणीवर शर्यतीसाठी जी लांब पट्टी आखलेली असते, तिलाच घाट म्हणतात. चैत्रात यात्रा भरली की तिच्यावरून बैलगाडे उधळत वर जातात, भंडाऱ्यानं हवा पिवळी होते, आणि स्पीकरवरचा माणूस आवाज बसेपर्यंत गाडामालकांची नावं पुकारत राहतो. पौषात यातलं काहीच नसतं. कडेचं गवत वाळून आडवं झालेलं असतं. चढणीच्या मधोमध एखादी शेळी उभी असते आणि तिला तिथून हलायचं काही कारण नसतं.

परवा ओझरहून येताना गाडीच्या काचेतून असाच एक घाट दिसला आणि मागे गेला. तेवढ्यानं मी नव्वदच्या दशकातल्या एका पौषात जाऊन पोचले. शिकवण्यात माझे पुष्कळ पौष गेले. बाकीचे एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला प्रसंग कुठल्या वर्षीचा ते आता सांगता येत नाही. हा एक मात्र वेगळा राहिला आहे.

मी जुन्नरची. लग्नानंतर घोडेगावात राहायला आले आणि तिथून पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवू लागले. सकाळची एसटी डोंगरातल्या गावांकडे जायची. तिच्यात निम्मी माणसं आणि निम्म्या कोंबड्या असायच्या. खिडकीची काच नीट लागत नसे, त्यामुळे शाळेत पोचेपर्यंत हात लाकडासारखे होत. वर्गात शिरलं की एक आंबट वास यायचा. पोरं वाटेत शेतातला ओला हरभरा उपटून खात यायची आणि त्याची आंब त्यांच्या बोटांना, वह्यांना, शर्टाच्या बाह्यांना लागलेली असायची. अजूनही ओला हरभरा सोलताना मला फळा दिसतो.

प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं. त्यात तडा गेलेला लोलक, गंजलेला चुंबक, बरणीतला एक बेडूक आणि वजन करायचा एक ताणकाटा. हा ताणकाटा हेडसरांचा लाडका होता, कारण कपाटात चालू स्थितीतली तेवढी एकच वस्तू होती. नववीला गतीचे नियम होते. पहिल्या दिवशी मी पेल्यावर पुठ्ठा ठेवला, पुठ्ठ्यावर नाणं ठेवलं, टिचकी मारली. पुठ्ठा उडाला, नाणं पेल्यात पडलं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, यष्टीनं ब्रेक मारला की आमी पुढं जातो, तेच ना हे?"

"तेच."

"मंग ते ठावं हाये की."

मला त्याचा राग आला नाही. खरंच ठाऊक होतं त्यांना. मग जे ठाऊक आहे तेच बाहेर नेऊन मोजून बघावं, असं मनात आलं आणि दुसऱ्या दिवशी मी वर्ग घाटावर नेला. शाळेच्या मागेच होता तो.

गाडी पोरांकडे होतीच. मंचरच्या गॅरेजमधून टाकून दिलेले बेअरिंग आणायचे, फळीखाली ठोकायचे, की झाली गाडी. प्रश्न घड्याळाचा होता. सेकंद मोजणारं घड्याळ गावात एकच होतं, यात्रा कमिटीचं. ते नानाभाऊंच्या ताब्यात असे. नानाभाऊ म्हणजे सत्तरीचे शेतकरी. तरुणपणी त्यांच्या बैलांनी तालुका गाजवला होता. आता बैल नव्हते, पण शर्यतीत घड्याळ दाबायचा मान त्यांच्याकडे होता. घड्याळ मागायला मी गेले तेव्हा ते ओट्यावर ऊन खात बसले होते.

"बैल न्हाईत, पैज न्हाई," ते म्हणाले. "मंग सेकंद कशाला पायजेल?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "देतो. पर दाबीन मी."

तेव्हापासून ते रोज येऊ लागले. डोक्याला मफलर, हातात घड्याळ. चढणीच्या खालच्या टोकाला उभे राहत आणि गाडी सुटली की यात्रेतल्यासारखे ओरडत, "सुटलाऽऽ!" त्या ओरडण्यानं शेळ्या पळायच्या. पोरांना सेकंदाचा दहावा भाग म्हणजे काय ते शिकवावं लागलं नाही. दोन गाडे थोडक्यात पुढे-मागे आले म्हणून झालेली भांडणं त्यांनी लहानपणापासून पाहिली होती.

एकदा आम्ही रिकामी गाडी सोडली आणि मग तीच गाडी विटा लादून सोडली. भरलेली लवकर येणार यावर सगळ्या वर्गाचं एकमत होतं. दोन्हींना जवळजवळ सारखाच वेळ लागला. नानाभाऊंनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, झटकलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. "घड्याळ बिघडलं राव," ते हळहळून म्हणाले, आणि त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी जरा तुटकच वागले. एकदा दोन पोरं दोन गाड्यांवर समोरासमोर बसवली आणि एकमेकांच्या हातांना रेटा द्यायला सांगितलं. जाडा थोडा मागे गेला, बारका लांब गेला. ढकललं दोघांनी सारखंच, हे मी सांगितल्यावर बारक्याला ते पटेना. आपल्याला जास्त ढकललं गेलंय असंच तो म्हणत राहिला. एकूण आनंदाचे दिवस होते. ऊन चढेपर्यंत तोंडातून वाफ यायची आणि पोरांच्या पायांवर कुसळं चिकटलेली असायची.

त्या वर्गात कुसुम होती. डोंगरातल्या एका वाडीतून चालत यायची. तिच्या घरची भातशेती होती, वरच्या अंगाला नाचणी आणि वरई. चौदा वर्षांची मुलगी, बोलायला फारशी नाही. घाटावर आम्ही आलो की ती बाजूला उभी राहून नानाभाऊंनी सांगितलेले सेकंद लिहून घ्यायची.

एके दिवशी मी उताराच्या तळाशी एक धोंडा ठेवायला लावला. गाडीवर एक वीट नुसतीच ठेवली. गाडी सुटली, धोंड्यावर आपटली, थांबली. वीट थांबली नाही. ती सरळ पुढे उडाली आणि गवतात जाऊन पडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमनं वही खाली ठेवली, गवतातून वीट शोधून आणली, गाडीवर ठेवली आणि म्हणाली, "बाई, परत सोडा."

परत सोडली. परत वीट उडाली. तिनं परत आणून ठेवली. असं किती वेळा झालं ते आठवत नाही; पोरं कंटाळून हरभऱ्याच्या शेताकडे पांगली, एवढं आठवतं. नानाभाऊसुद्धा खाली बसले. कुसुम मात्र विटेकडेच बघत होती.

"बाई, इटंला कुनी धरलं असतं तर?"

"कुणी म्हणजे?"

"मानसानं. हातानं."

वीट किती जड, गाडी किती जोरात आली आणि किती झटकन थांबली त्यावर ते अवलंबून आहे, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली. मग तिथंच, धोंड्याशेजारी उभी राहून, तिनं मला तिची हकीकत सांगितली. आवाजात चढउतार न करता सांगितली, धडा वाचावा तशी.

तीन वर्षांपूर्वी तिची आई बटाट्याच्या काढणीला पठारावर मजुरीला गेली होती. कुसुम आणि तिची धाकटी बहीण मंगल बरोबर होत्या. कुसुम अकराची, मंगल सहाची. काढणी संपली तेव्हा बटाट्याची पोती भरून ट्रॅक्टर मंचरच्या बाजाराला निघाला, आणि मजूर बायका फाट्यापर्यंत ट्रॉलीतच बसल्या. या दोघी पोत्यांच्या अगदी वर बसल्या होत्या. आई खाली बायकांत. निघताना आईनं सांगितलं होतं, "धर गं हिला." कुसुमनं मंगलचा हात धरला होता. उतारावर एका वळणाला ड्रायव्हरला गाडी आवरली नाही. ट्रॉली रस्त्याकडेच्या दगडी बांधावर आपटली आणि जागच्या जागी थांबली. मंगल कुसुमच्या हातातून सुटली, बांधावरून पलीकडे गेली आणि खालच्या भातखाचरात पडली. मांडीचं हाड मोडलं. गावातच कुणीतरी ते बसवलं, ते वाकडं बसलं. तेव्हापासून ती पाय ओढत चालते. वाडीपासून प्राथमिक शाळा लांब, म्हणून तिला शाळेत घातलं नाही.

"आई म्हनती, मी हात सोडला," कुसुम म्हणाली. "समदीच म्हनत्यात."

"तू सोडलास का?"

"मला कळत न्हाई, बाई. सुटला का सोडला, मला आठवतच न्हाई."

मग ती म्हणाली, "मोजता यील का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. मला भीती वाटली, आणि ती कशाची ते मला चांगलंच ठाऊक होतं. गणित कुणाची बाजू घेत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला धरून ठेवता आलं असतं, असं उत्तर आलं तर? आतापर्यंत लोक म्हणत होते, आता विज्ञानानं सांगितलं असं होईल. ते मी तिला बोलूनही दाखवलं. उत्तर उलट येऊ शकतं, असं म्हटलं.

"येऊ द्या," ती म्हणाली.

आणि आम्ही मोजायला घेतलं. वेग काढणं सोपं होतं. शाळेसमोरच्या रस्त्यावरून भरलेले ट्रॅक्टर उतरतच असत. दोन टेलिफोनच्या खांबांमधलं अंतर पोरांनी दोरीनं मोजलं आणि नानाभाऊ घड्याळ घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. कशासाठी ते त्यांना सांगितलं नव्हतं. पण त्यांनी विचारलंही नाही, आणि त्या दिवशी ते "सुटला" असं ओरडलेही नाहीत.

मंगलचं वजन कसं काढायचं हे मात्र मला सुचलं नाही. नऊ वर्षांच्या मंगलचं वजन करून उपयोग नव्हता, आणि सहा वर्षांच्या मंगलला तेव्हा कुणी काट्यावर उभं केलेलं नव्हतं. तोड कुसुमनंच काढली. तिनं गोणपाटाच्या एका पिशवीत ओढ्यातली वाळू भरली. पिशवी उचलून कमरेवर घेतली, लहान मुलाला घेतात तशी. थोडी चालली. खाली ठेवून दोन ओंजळी वाळू काढून टाकली. पुन्हा कमरेवर घेतली. डोळे मिटून उभी राहिली. मग एक ओंजळ परत आत टाकली, आणि पुन्हा उचलून म्हणाली, "एवढीच व्हती."

आम्ही ती पिशवी किराणा दुकानात नेऊन तोलली. दुकानदारानं काटा बघून आकडा सांगितला. कुसुमनं तो लिहून घेतला.

गाडी किती वेळात थांबली असेल, हा शेवटचा भाग अंदाजाचा होता. तो अंदाज आहे, असं मी तिला दोनदा बजावलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढा वेळ धरून पाहिला, मग त्याच्या दुप्पट धरून पाहिला. कसाही धरला तरी जे आकडे आले ते बघून मी खडू खाली ठेवला. त्या एका क्षणापुरती ती सहा वर्षांची पोर हाताला भरलेल्या बटाट्याच्या पोत्याएवढी जड झाली असणार. वेळ जास्त धरला तरी निम्म्या पोत्याच्या खाली उत्तर येत नव्हतं.

कुसुम फळ्याकडे बघत राहिली. सुटका झाल्यासारखी काही दिसली नाही. "खडूचं हाये हे," एवढंच म्हणाली. "गाडीवर बघू."

म्हणून वाळूची पिशवी गाडीवर चढवली. पिशवीच्या तोंडाला दोरी, दोरीला ताणकाट्याचा हुकासारखा आकडा, आणि ताणकाटा गाडीच्या मागच्या फळीला पक्का बांधलेला. म्हणजे पिशवी पुढे जाऊ लागली की ताणकाटा तिला धरून ठेवणार, हातासारखा. गाडी वरून सोडली. ती जोरात आली, खडखडत, आणि धोंड्यावर आपटली. पिशवी पुढे गेली, दोरीला हिसका बसला, ताणकाट्यातून तार तुटल्यासारखा आवाज आला आणि पिशवी धोंड्याच्या पलीकडे जाऊन पडली. वाळू सांडली. दोरी शाबूत होती. ताणकाट्याचा लोखंडी आकडा सरळ झाला होता. मला वाटतं, ते सगळ्यांनी एकदमच बघितलं.

नानाभाऊंनी तो आकडा बोटांनी वाकवून बघितला. वाकला नाही. त्यांनी तो कुसुमच्या हातावर ठेवला.

हेडसर ताणकाट्यावरून चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माघ लागता लागता कुसुमची आई शाळेत आली. हौसाबाई तिचं नाव. उंच, काटक बाई, डोक्यावर पदर, पायांत चपला नाहीत. ती कुसुमचा दाखला काढायला आली होती. हेडसरांनी मला बोलावून घेतलं. वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे, निदान नववी तरी पुरी होऊ द्या, असं आम्ही दोघांनी सांगून पाहिलं.

"नववी होऊन काय व्हनार, बाई?" ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. "धाकलीच्यानं चिखलात उभं राहवत न्हाई. लावनी तिच्यानं व्हनार न्हाई, मोळी तिच्यानं व्हनार न्हाई. तिचं कोन करनार? हिनंच करायला पायजेल. हिच्यामुळंच झालंय ते."

कुसुम दाराशी उभी होती. तिनं हे पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं.

"मावशी, दाखला देतो," मी म्हटलं. "त्याआधी तुमच्या मुलीनं काय केलंय ते एकदा बघा."

हेडसर माझ्याकडे बघत राहिले. मी हौसाबाईंना घाटावर घेऊन गेले. वर्गही मागोमाग आला. नानाभाऊंना कुणी निरोप दिला होता कोण जाणे, पण ते मफलर बांधून तिथं हजर होते. पोरांनी पिशवीत वाळू भरली. कुसुमनं ती कमरेवर घेतली, तोलली, आणि आईसमोर धरली.

"आये, घे."

हौसाबाईंनी पिशवी घेतली. आपसूकच कमरेवर घेतली. आणि मग त्यांना कळलं असावं की हे कशाचं वजन आहे, कारण त्यांचा हात पिशवीखाली तसाच राहिला आणि चेहरा बदलला.

या वेळी ताणकाटा नव्हता, म्हणून पिशवी गाडीला सुतळीनं बांधली. गाडी आली, आपटली. सुतळी तुटली, पिशवी उडाली. कुसुमनं दप्तरातून तो सरळ झालेला आकडा काढून आईच्या हातात दिला आणि कसा झाला ते सांगितलं.

"तवा मंगल भरल्या पोत्याएवढी झाली व्हती, आये," ती म्हणाली. "आपन बटाट्याचं भरत्यात ना, त्या पोत्याएवढी. एका हातात. मी अकरा वर्साची व्हते."

हौसाबाई खाली बसल्या. वाळलेल्या गवतात, धोंड्याला टेकून. आकडा मुठीत होता. मी पोरांना वर्गात पाठवावं का असा विचार करत होते, तेवढ्यात त्या बोलल्या. माझ्याशी नव्हे, कुसुमशीही नव्हे. समोर चढणीकडे बघत बोलल्या.

"हिनं सोडलं न्हाई ते मला काय ठावं न्हाई व्हय? लेकराच्या हातात असं कितीक बळ असतंय. पर मीच म्हनले व्हते, वर बसा पोत्यांवर, वारं लागंल. ह्या दोघी खालीच बसत व्हत्या, माझ्यापाशी. मीच वर बसवल्या." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते मला बोलवंना. मंग हिला बोलत गेले. रोज बोलत गेले."

नानाभाऊ पाठ फिरवून घड्याळाला चावी देत उभे होते. कुसुम आईच्या समोर उभी होती, आणि तिनं काय करावं हे तिला कळत नसावं, कारण ती आधी पिशवीतून सांडलेली वाळू गोळा करू लागली. मग ते टाकून आईजवळ जाऊन बसली. शिवून नव्हे, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. जरा वेळानं हौसाबाईंनी तिच्या परकराला चिकटलेली कुसळं काढायला सुरुवात केली. एकेक कुसळ काढायचं आणि बाजूला टाकायचं. तेवढंच. क्षमाबिमा कुणी कुणाची मागितली नाही. आमच्याकडे आईनं लेकीची क्षमा मागायची रीत नाही, आणि कुसुमलाही ते अवघडच वाटलं असतं.

दाखला त्या दिवशी काढला नाही, पुढंही काढला नाही. जाताना हौसाबाई हेडसरांना म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या नाव," आणि चालू लागल्या. जून महिन्यात त्यांनी मंगलला वाडीखालच्या प्राथमिक शाळेत घातलं. चढ-उताराची वाट, बरेच दिवस त्या स्वतः तिला पाठुंगळी घेऊन पोचवत आणि तिथूनच कामाला जात, असं कुसुमनं सांगितलं.

नंतर मी या गोष्टीचा विचार पुष्कळ वेळा केला आहे. आपण त्या मुलीला गणितानं सोडवलं, असं म्हणावंसं वाटतं. पण ते तितकंसं खरं नाही. आमचा आकडा कच्चा होता. वेळ अंदाजानं धरलेला, वजन कमरेवर आठवून काढलेलं. शिवाय हौसाबाईंना आधीच ठाऊक होतं. त्यांना नवं काहीच कळलं नाही. मात्र जे घरात तीन वर्षं बोलता आलं नाही ते उघड्या चढणीवर, दिवसाढवळ्या, सगळ्या वर्गासमोर बोलता आलं. कदाचित तिथं कुणी कुणाला दोष देत नव्हतं, म्हणून असेल. गाडी आपटत होती आणि पिशवी उडत होती. कुणीही सोडली असती तरी तशीच उडाली असती.

त्यानंतरही मी दरवर्षी नववीला घाटावर नेत राहिले. विटा, बेअरिंग, धोंडा, सगळं तसंच. नानाभाऊ गेले आणि घड्याळ दुसऱ्याकडे गेलं. मग मुलांच्या मनगटांवर सेकंद दाखवणारी स्वस्त घड्याळं आली आणि कमिटीकडे मागायची गरज उरली नाही. रस्त्यावरचे टेलिफोनचे खांब काढले गेले. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी सारख्याच वेळात खाली येते हे पटायला प्रत्येक वर्गाला तितकाच वेळ लागायचा.

कुसुम शास्त्रज्ञ वगैरे झाली नाही. दहावीला गणितात एकदा अडकली, दुसऱ्यांदा सुटली. बारावी घोडेगावला केली. मग लग्न होऊन जुन्नरच्या बाजूला गेली. तिथं दूध संकलन केंद्रात ती फॅट काढायचं काम करते, असं कानावर आलं. म्हणजे अजून मोजतेच आहे.

पुढच्या दशकात केव्हातरी, भातकाढणीच्या दिवसांत, मी घोडेगावच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होते. एक तरुण मुलगी एक पाय ओढत माझ्याकडे आली. खांद्याला मोठी पिशवी, तिच्यात शाळेच्या गणवेशाचे शिवलेले शर्ट.

"बाई, वळखलं का? मी कुसुमची मंगल."

मी तिला क्वचितच पाहिलं होतं, पण हसणं अगदी आईसारखं होतं. तिच्या आईला मी हसताना फार थोडं पाहिलं होतं तरी. ती आता वाडीत शिवणकाम करायची, आजूबाजूच्या शाळांचे गणवेश शिवून द्यायची. गाडी यायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. आईचं विचारलं, कुसुमचं विचारलं. मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं त्या पडण्याबद्दल मी कुसुमकडून ऐकलं, तिच्या आईकडून ऐकलं, फळ्यावर त्याचं गणित मांडलं. जी पडली तिला कुणी काही विचारलं होतं असं मला आठवेना.

"तुला आठवतं का गं त्यातलं काही?"

"पडले ते न्हाई आठवत, बाई," मंगल म्हणाली. "पाय मोडला ते बी न्हाई. उडाले तेवढं आठवतं. खाली समदं पिवळंधम्मक भात व्हतं आन् मी त्याच्या वरून चालले व्हते. लई ग्वाड वाटलं." तिनं इकडेतिकडे बघून आवाज बारीक केला. "घरात समदी रडत व्हती, मंग हे कुनाला सांगनार? रागावली असती."

"कुसुमला तरी सांगितलंस का?"

"सांगितलं की. तिच्या हळदीला सांगितलं, मांडवात." मंगल हसायला लागली, इतकी की पिशवी खांद्यावरून घसरली. "ती म्हनली, मंग बरं झालं बया, मी धरून न्हाई ठेवलं."